कातळाखालचं पाणी शोधताना

बोअर घेण्याआधी जमिनीची विद्युत रोधकता, म्हणजे जमीन विजेला किती अडवते हे, मोजता येते. एका रेषेत चार सळ्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडायची, आतल्या दोन सळ्यांमधला विद्युतदाब मोजायचा. बाहेरच्या सळ्या जसजशा लांब न्याव्यात, तसतशी अधिक खोलवरची माहिती मिळते. कॉनराड श्लुम्बर्जे यांनी १९१२ मध्ये फ्रान्समध्ये विजेच्या साहाय्यानं भूगर्भ तपासायला सुरुवात केली.

आपल्या दख्खनी पठारावरचा अखंड काळा कातळ विजेला अडवतो. झिजलेला, भेगाळलेला, पाणी धरलेला थर तिला वाट देतो. पण ही पद्धत शिकणाऱ्यांनो, इथंच फसगत होते! चिकणमातीतून आणि खाऱ्या पाण्यातूनही वीज सहज वाहते. त्यामुळे नुसत्या मोजमापांच्या आलेखावर विसंबू नका. शेजारच्या विहिरीत दिसणारे थर आधी नीट पाहा.