नवसातून मोकळे होताना

(एलूल महिन्यात सलिहोथनंतर केलेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



गेली सव्वीस वर्षे तुम्ही मला तेबावर पाठमोरा पाहत आला आहात. आज तुमच्याकडे तोंड करून बोलायचे आहे, म्हणून थोडा संकोच वाटतो.

माझे वडील वारले तेव्हा सुतकाच्या सात दिवसांत मी नवस केला होता, की अंगात प्राण आहे तोवर त्यांची जागा सोडणार नाही. हा नवस माझ्याकडून कोणीही मागितला नव्हता. वडिलांनी तर नाहीच. दुःखात माणूस असे काही बोलून बसतो आणि पुढे त्या शब्दालाच निष्ठा समजू लागतो.

गतवर्षी योम किप्पूरला नेइलाच्या वेळी माझा आवाज विझला. मागच्या बाकावरून एका तरुणाने सूर उचलला, तोही आपल्याच, कोकणातून आलेल्या चालीत. मला त्या क्षणी आनंद झाला असता, तर आज हे भाषण करावे लागले नसते. मला राग आला. उपास सोडल्यावर मी त्याला जे बोललो ते इथे सांगत नाही. पेसाहपर्यंत तो सिनेगॉगमध्ये दिसला नाही.

लेवींविषयीची आज्ञा तुम्हांला ठाऊक आहे. पन्नासाव्या वर्षी त्यांनी सेवेच्या कामातून निवृत्त व्हावे आणि आपल्या भावांबरोबर पहाऱ्यास असावे. पन्नाशी ओलांडून मला बराच काळ लोटला असला, तरी मी स्वतःची समजूत घालत असे की ही वयाची अट खांद्यावरून ओझे वाहणाऱ्यांसाठी होती. ते खरेही आहे. पण हुल्लिनच्या मसेखतमध्ये आपले ऋषी सांगतात, की कायमच्या मंदिरात लेवी वयाने नव्हे, तर आवाजाने बाद होई. ते वाचले आणि माझी पळवाट बंद झाली.

मग मी तिघांसमोर उभा राहिलो. नवस सोडवताना एक प्रश्न विचारतात: पुढे असे होईल हे तेव्हा ठाऊक असते, तर तू नवस केला असतास का? माझ्या डोळ्यांसमोर तो रिकामा बाक आला. नाही, मी म्हणालो. तिघांनी तीन वेळा मला मोकळे केले. त्या तरुणाला दुखावल्याचा हिशेब मात्र तिघांना मिटवता येत नाही, त्यासाठी मला त्याच्या घरी जावे लागले. त्याच्या आईने चहा ठेवला. आम्ही दोघेही फार बोललो नाही.

मोशे रब्बेनूला आज्ञा झाली होती, की यहोशुआवर हात ठेव. एकच हात. त्याने दोन्ही ठेवले. राशी म्हणतात, सांगितल्यापेक्षा अधिक त्याने दिले. माझे हात इतके सढळ नाहीत, हे मी कबूल करतो.

वडिलांची वही मी त्या तरुणाला दिली आहे. तिच्यात इब्री प्रार्थना देवनागरीत उतरवून चालींच्या खुणा केल्या आहेत. तो इथे, इस्राएलमध्ये जन्मला. त्याला देवनागरी वाचता येत नाही. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी मी वाचतो आणि तो आपल्या अक्षरांत लिहून घेतो. कोल निद्रेपर्यंत आम्ही आलो आहोत. नव्याच्या सणाला तेबावर तो उभा असेल, आणि मी दाराजवळच्या बाकावर. तिथे वारा चांगला लागतो असे ऐकले आहे.