नॉबचा संपर्क सुटला तर?



आपल्या बॅचने शाळेच्या प्रयोगशाळेला आज सहा पॉवर सप्लाय दिले. 'लॅमिंग्टन रोडला तयार मॉड्यूल मिळतं, मग तू हे घरी बनवत का बसलीस?' असं सकाळपासून चौघांनी विचारून झालं. त्याचंच उत्तर देते.

24 व्होल्ट आत घेऊन 5 व्होल्टला 1 अँपिअर द्यायचा, तर लिनिअर रेग्युलेटर मधल्या 19 व्होल्टची नुसती उष्णता करतो. 19 वॅट म्हणजे सोल्डरिंगची छोटी इस्त्रीच. या डब्यातली एलएम 2576 ही चिप वीज अडवत नाही, सेकंदाला 52 हजार वेळा चालू-बंद करते. कॉइल आणि कपॅसिटर ते धक्के सपाट करतात. त्याच कामात दीड-दोन वॅट वाया जातात. हे गणित डेटाशीटमध्ये आहे, त्यात माझं काही नाही.

मी डोकं घातलं ते नॉबमध्ये. चिप बाहेरच्या व्होल्टेजचा एक हिस्सा तपासते आणि तो 1.23 व्होल्ट राहील असं बघते. हिस्सा पाडायला दोन रेझिस्टर: एक वर आउटपुटकडे, एक खाली ग्राउंडकडे. फिरवायचा पॉट सहसा वर असतो, तयार मॉड्यूलमध्येही. सोयीचं आहे, नॉब फिरेल तसे व्होल्ट सारखे वाढतात. पण पॉट झिजतो. जुन्या रेडिओचा व्हॉल्यूम खरखरायचा, आठवतं ना? तसा संपर्क क्षणभर सुटला की चिपला वाटतं बाहेर शून्य आहे. ती सताड उघडते आणि जवळजवळ 24 व्होल्ट थेट मुलांच्या सर्किटवर. 5 व्होल्टची आयसी गेलीच. आयसी वीस-तीस रुपयांची, तिचं काही नाही. पण नववीतल्या मुलीला वाटतं आपणच काहीतरी जाळलं, आणि ती पुन्हा टेबलापाशी येत नाही. मला भीती त्याची आहे.

म्हणून पॉट खाली घेतला. वर पक्का 4.7 किलोओहम, खाली 560 ओहम आणि त्याच्या ओळीत 2.2 किलोओहमचा पॉट. सव्वातीन ते साडेअकरा व्होल्ट मिळतात. संपर्क सुटलाच तर आउटपुट सव्वा व्होल्टवर उतरतो. दिवा विझतो, एवढंच.

याचा तोटाही आहे. नॉब अर्धा फिरवला तरी पावणेपाचच व्होल्ट, बाकीचे सगळे पुढच्या अर्ध्यात दाटीने बसलेत. मुलं कुरकुरतील, कुरकुरू देत. समोर मीटर आहे आणि रोज लागणारे 5 व्होल्ट नॉबच्या मधोमधच सापडतात.

बाई, सर्किटचा कागद प्रत्येक झाकणाच्या आत चिकटवलाय. सुटे पॉट निळ्या डबीत आहेत. आधी तेच जातील, आणि ते मुलांनाच बदलू द्या.