बांधावरचा ठसा कुणाचा?



सकाळी तुम्ही उसाला दारं धरायला जाता आणि पाटाच्या कडेला, ओल्या मातीत ताजा ठसा दिसतो. कुणी म्हणतं कुत्रं, कुणी म्हणतं बिबट्या. कुत्र्याला बिबट्या समजलात, तर उगीच घबराट होते आणि तोडीला माणूस मिळत नाही. बिबट्याला कुत्रं समजलात, तर रात्री शेळी उघड्यावर राहते. म्हणून ठसा नीट वाचता आला पाहिजे.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत बिबट्या बरीच वर्षं उसात राहतो. लपायला दाट फड, प्यायला पाणी आणि खायला कुत्री, शेळ्या, डुकरं. मादी पिल्लंही उसातच घालते.

आता ठशाकडे वळू. पहिल्यांदा नखं बघा. कुत्रं, कोल्हा आणि तरस यांची नखं बोटांच्या पुढं उमटतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून ती दिसत नाहीत. फक्त निसरड्या चिखलात कधी कधी उमटतात. मग आकार बघा. कुत्र्याचा ठसा लांबट असतो, बिबट्याचा गोलसर. बिबट्याच्या तळव्याची मागची कड तीन उंचवट्यांची दिसते. रानमांजराचा ठसाही असाच, पण फार लहान. मोठ्या बिबट्याचा ठसा साधारण आपल्या चार जोडलेल्या बोटांच्या रुंदीएवढा भरतो. चिखलात पाय घसरून ठसा मोठा दिसतो, म्हणून माप घट्ट ओल्या मातीवरच घ्या. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो, ही त्याची खूण. हाडं खात असल्यामुळं त्याची विष्ठा वाळली की पांढरी पडते. रानडुकराचे दोन खूर उमटतात, मऊ मातीत त्यामागं दोन लहान खुणाही दिसतात, आणि जमीन नांगरल्यासारखी उकरलेली असते.

ठसा ताजा की शिळा, हेही मातीच सांगते. कडा धारदार असतील तर ताजा. कडा ढासळल्या असतील, आत पालापाचोळा पडला असेल, किड्यामुंग्यांची वाट त्यावरून गेली असेल, तर शिळा. पाऊस कधी पडला हे ठाऊक असेल, तर ठशात थेंबांचे खड्डे आहेत का तेही बघा.

जनावर मेलं असेल तर मढं हलवू नका, ठसे तुडवू नका. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून मोबाईलवर फोटो काढा, ठशावर घमेलं पालथं घाला आणि त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा. नुकसानभरपाईसाठी पंचनामा लागतो, आणि पुसलेल्या ठशाचा पंचनामा होत नाही. गळ्यावर सुळ्यांची भोकं आणि ओढत नेल्याची फरफट, ही बहुधा बिबट्याची खूण. मागचा भाग आणि पोट ओरबाडलेलं असेल तर भटक्या कुत्र्यांचाही संशय घ्या.

तोडणी चालू असताना पिल्लं सापडली तर हात लावू नका, घरी नेऊ नका. आई जवळपास असू शकते. त्या बाजूची तोड थांबवा, गर्दी हटवा, वनखात्याला बोलवा. पिल्लं त्याच जागी ठेवली तर बहुतेक वेळा मादी रात्री येऊन घेऊन जाते.

ठसा दिसला म्हणजे जनावर अंगावर येणारच, असं नाही. इथून कोण गेलं, एवढंच तो सांगतो. पण ते कळल्यावर गोठ्याला पक्कं दार लावा, जाळीला फट ठेवू नका, पोरांना अंधारात एकटं धाडू नका. रात्री पाणी द्यायला जाताना बॅटरी घ्या, दोघं मिळून जा आणि मोठ्यानं बोलत चला.

उद्या सकाळी शेतावर जाल तेव्हा आधी आपल्याच कुत्र्याचा ठसा न्याहाळा. तो एकदा डोळ्यात बसला, की वेगळा ठसा आपोआप ओळखू येईल.