जकातीचा हिशेब आणि सोयाबीनचा दाणा

जुलै 2018 मध्ये चीननं अमेरिकेच्या सोयाबीनवर 25 टक्के जादा आयातशुल्क बसवलं. अमेरिकेनं चिनी मालावर जकात लावली होती, तिचं हे उत्तर. अमेरिका तोवर जगाला जेवढं सोयाबीन विकायची, त्यातलं निम्म्याहून जास्त एकट्या चीनला जायचं. त्या सुमारास शिकागोच्या बाजारात भाव कोसळले आणि जवळपास दहा वर्षांच्या नीचांकाला जाऊन टेकले. ब्राझीलच्या बंदरांत मात्र तशाच दाण्याला चढा भाव मिळू लागला. असं काही झालं की अर्थतज्ज्ञ संगणकापुढे बसतात आणि सांगतात, जगाचं उत्पन्न इतक्या टक्क्यांनी घटेल. हा आकडा येतो कुठून?

अमेरिकेत इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठ आहे. तिथं थॉमस हर्टेल यांनी 1992 मध्ये ‘जीटॅप’ नावाचा प्रकल्प सुरू केला. ती जगाच्या व्यापाराची खतावणीच म्हणा ना. तिच्या अकराव्या आवृत्तीत 160 देश आणि प्रदेश आहेत, 65 उद्योगक्षेत्रं आहेत. कोण कुणाला काय विकतो, त्या मालात मजुरी किती, जमिनीचा वाटा किती, सरकारचा कर किती, सगळं त्यात मांडलेलं. एकाचा खर्च ती दुसऱ्याची जमा. त्यामुळे जकातीचा एक आकडा बदलला की ताळा जुळेपर्यंत सगळी पानं नव्यानं लिहावी लागतात. ते काम संगणक करतो. म्हणजे हे भविष्य नव्हे. जकात नसती तर जग कसं असतं आणि जकात आहे तेव्हा कसं असेल, या दोन कल्पित जगांतला तो फरक असतो. वर्तमानपत्रात मथळा होताना नेमकं हेच गळून पडतं.

या हिशेबाची किल्ली एका जुन्या कल्पनेत आहे. नाणेनिधीत काम करणाऱ्या पॉल आर्मिंग्टन यांनी 1969 मध्ये असं मांडलं की माल एकच असला तरी देश बदलला की तो गिऱ्हाइकाच्या लेखी थोडा वेगळा होतो. अमेरिकी सोयाबीन महागलं, तर चीन ब्राझीलकडे किती पटकन वळेल? या वळण्याच्या वेगालाही एक आकडा द्यावा लागतो. तो आकडा दुप्पट धरा, उत्तर पार बदलतं. म्हणून कुणी अशा हिशेबी मॉडेलचा निष्कर्ष सांगितला, तर मी आधी हा आकडा विचारतो.

शिवाय मॉडेल आजच्या व्यापारावरून उद्याचा व्यापार काढतं. लातूर-वाशीमच्या श्रोत्यांना हे विशेष जवळचं वाटेल. 2018 च्या त्याच जुलैमध्ये चीननं भारतासह पाच आशियाई देशांच्या सोयाबीनवरचं 3 टक्के शुल्क काढून टाकलं. वाट मोकळी झाली. पण भारतातून चीनला सोयाबीन जवळपास जातच नव्हतं, आणि शून्य कितीही टक्क्यांनी वाढवलं तरी शून्यच राहतं. अशा मॉडेलमधून नवी बाजारपेठ उगवू शकत नाही. तेव्हा खरोखरही आपल्याला तिथं काही मोठं घबाड मिळालं नाही, ते सोडा.

आता धुलाई यंत्रांची गोष्ट, कारण ती फार बोलकी आहे. 2012 च्या सुमारास अमेरिकेनं कोरिया आणि मेक्सिकोहून येणाऱ्या वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं. कंपन्यांनी उत्पादन चीनला हलवलं. मग चीनवर शुल्क लागलं, तर कारखाने थायलंड आणि व्हिएतनामला गेले. गिऱ्हाइकाला फारशी झळ लागली नाही. 2018 मध्ये मात्र जवळजवळ सगळ्याच देशांच्या यंत्रांवर जकात आली, पळायला जागा उरली नाही, आणि किमती सुमारे 12 टक्क्यांनी चढल्या. गंमत पुढे आहे. कपडे वाळवणारी यंत्रं, ड्रायर, जकातीच्या यादीत नव्हतीच. तीही जवळपास तितकीच महागली! अमेरिकेत ही दोन यंत्रं जोडीनं घेतात, म्हणून दुकानदारांनी वाढ दोघांत वाटून टाकली. ज्या मॉडेलमध्ये दोन्ही यंत्रं ‘विद्युत उपकरणं’ या एकाच डब्यात बसतात, त्याला हे दिसणार कसं? फ्लाएन, होर्टाचसू आणि टिंटेलनॉट या अभ्यासकांनी पुढे हिशेब केला. सुमारे 1800 नोकऱ्या निर्माण झाल्या, आणि एकेका नोकरीपायी ग्राहकांवर वर्षाला 8 लाख डॉलरहून जास्त भार पडला.

उलट, देशाची एकूण बेरीज केली तर नुकसान अगदी किरकोळ दिसतं. फायगेलबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2020 च्या अभ्यासात आयात माल घेणाऱ्या अमेरिकी ग्राहकांचं आणि कारखान्यांचं नुकसान 51 अब्ज डॉलर निघालं. पण सरकारला मिळालेली जकात आणि देशी उत्पादकांचा फायदा वजा केल्यावर उरले 7.2 अब्ज, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.04 टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. कोणता सांगायचा, हे सांगणाऱ्याच्या मनावर असतं, आणि मला तरी पहिला जास्त प्रामाणिक वाटतो.

प्रत्युत्तराचं गणित त्याहून अवघड. हॅरी जॉन्सन यांनी 1953 मध्ये दाखवलं होतं, की समोरच्यानं उलट जकात लावली तरी एखादा देश फायद्यात राहू शकतो. कागदावर ते बरोबर आहे. पण 2018 मध्ये युरोपनं प्रत्युत्तराची यादी केली, तेव्हा तिच्यात हार्ले-डेव्हिडसन आणि बर्बन व्हिस्की होती. हार्लेचं मुख्यालय विस्कॉन्सिनमध्ये, तर व्हिस्की केंटकीची. अमेरिकी संसदेतले तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचे दोन मोठे नेते, पॉल रायन आणि मिच मॅकॉनेल, याच दोन राज्यांतले. कुणाचा मतदार दुखावायचा हे बघून नेम धरला जातो, आणि 65 क्षेत्रांच्या खतावणीत मतदारसंघाचा रकाना नसतो.

सोयाबीनचं पुढे काय झालं? अमेरिकी सरकारनं दोन वर्षांत मिळून 28 अब्ज डॉलरची मदत शेतकऱ्यांना जाहीर केली. 2020 मध्ये अमेरिका आणि चीन यांच्यात समझोता झाला आणि खरेदी पुन्हा वाढली. मॉडेलमध्ये जकात काढली की व्यापार जुन्या जागी परततो. प्रत्यक्षात ब्राझीलनं या काळात पेरा वाढवला आणि चिनी खरेदीदारांना दुसरं दुकान कायमचं सापडलं. 2025 मध्ये पुन्हा जकातीची लढाई पेटली, तेव्हा सप्टेंबरच्या पूर्ण महिन्यात चीननं अमेरिकेकडून सोयाबीनचा एक दाणाही आयात केला नाही.