चौदावा उपाध्यक्ष

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण)



मी राजकारणातला माणूस नाही. इंजिनियरिंग केलं, बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करतोय. पण आज तुमच्यासमोर उभा आहे तो एका पक्षाचा माजी शहर उपाध्यक्ष म्हणून. हसू नका, खरंच होतो. पक्षाचं नाव सांगत नाही. सांगितलं की तुम्ही म्हणाल, ‘त्या पक्षात असंच चालतं’, आणि मुद्दा तिथेच बुडेल.

विधानसभेच्या वर्षी मोहल्ल्यातले एक जुने कार्यकर्ते घरी आले आणि त्यांनी अब्बांच्या हातात लेटरहेडवरचं पत्र ठेवलं. ‘अल्पसंख्याक विभाग, शहर उपाध्यक्ष’. अम्मीने शेजारी पेढे वाटले. मी विचारलं, “चाचा, असे उपाध्यक्ष किती आहेत?” ते जरा थांबले. “तुला धरून चौदा.”

आठ महिन्यांत दोन बैठका झाल्या. एकीत हारतुरे, दुसरीत बिर्याणी. ईदच्या बॅनरवर माझा फोटो आला, गोल फोटोंच्या रांगेत उजवीकडून तिसरा. चौदा जणांत बाई एकही नव्हती. विचारलं तर म्हणाले, “त्यांची महिला आघाडी वेगळी आहे ना!” उमेदवार ठरले तेव्हा आमच्यापैकी एकालाही कुणी फोन केला नाही. शेवटी राजीनामा लिहिला, तर तो द्यायचा कुणाकडे हेच कळेना. ज्यांनी पत्र आणलं होतं ते म्हणाले, “असू दे रे, पद काय खायला मागतंय का?”

आमच्या कामात याच्यासारखं एक दुखणं आहे. रात्री सर्व्हर बंद पडला तर फोन कुणी उचलायचा, याची पाळी लावलेली असते. एक पहिला, एक राखीव. एकदा आमच्या टीमने ठरवलं, ‘दोघं मिळून बघा’. त्या रात्री दोघांनाही वाटलं, दुसरा उचलेल. सकाळी साहेबांनी दोघांनाही उचललं. तेव्हापासून ‘एका पदावर दोघं’ म्हटलं की मला आधी शंकाच येते.

सप्टेंबर २०२५ मध्ये इंग्लंडची बातमी आली तेव्हाही आली. ग्रीन पार्टी ऑफ इंग्लंड अँड वेल्स या पक्षाचे झॅक पोलान्स्की नेते झाले आणि त्यांच्यासोबत दोन उपनेते निवडून आले, रेचल मिलवर्ड आणि मोथिन अली. अली हे लीड्स शहरातल्या गिप्टन अँड हेअरहिल्स वॉर्डाचे नगरसेवक, बागकामाचे व्हिडिओ करणारे. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एकच जल्लोष, ‘मुसलमान उपनेता झाला!’ मला मात्र खरा रस वाटला तो त्यांच्या नियमात.

या पक्षाला २००८ पर्यंत नेताच नव्हता. दोन मुख्य प्रवक्ते असायचे, एक स्त्री, एक पुरुष. २००७ मध्ये सदस्यांनी मतदान करून नेता हवा असं ठरवलं आणि पुढच्या वर्षी कॅरोलाइन लुकास पहिल्या नेत्या झाल्या. आता नेता एक असेल तर उपनेते दोन, आणि ते दोघे एकाच लिंगाचे नकोत. नेतेपद दोघांनी मिळून घेतलं तर उपनेता एकच. २०१४ मध्ये अमेलिया वोमॅक आणि शहरार अली असे दोन उपनेते होते. २०१६ मध्ये लुकास आणि जोनाथन बार्टली जोडीने नेते झाले, तर वोमॅक एकट्या उपनेत्या राहिल्या. मतदान सगळे सदस्य करतात, पसंतीक्रम लिहून. मतपत्रिकेवर ‘उमेदवारी अर्ज पुन्हा मागवा’ असाही एक पर्याय असतो, आपल्या नोटासारखा, पण जास्त दात असलेला.

आणि ऐका, पोलान्स्की स्वतः २०२२ पासून उपनेतेच होते. २०२५ मध्ये ते आपल्याच पक्षाच्या सहनेत्याविरुद्ध, एड्रियन रॅमसे यांच्याविरुद्ध उभे राहिले. रॅमसे यांच्या जोडीला एली चाउन्स होत्या. पोलान्स्कींना २०,४११ मतं पडली, या जोडीला ३,७०५. आपल्याकडे उपाध्यक्षाने अध्यक्षाविरुद्ध अर्ज भरला तर दुसऱ्या दिवशी काय होईल, ते तुम्हीच सांगा. त्यांना ते जमलं, कारण उपनेतेपद त्यांना नेत्याने दिलेलं नव्हतं. ते सदस्यांनी दिलं होतं.

मोथिन अलींचंही तसंच. तिथे ‘मुस्लिम उपनेता’ असं पद नाही. राखीव जागेची अट आहे ती स्त्री-पुरुषांपुरती. २०२४ मध्ये नगरसेवक झाले तेव्हा त्यांनी ‘अल्लाहु अकबर’ म्हटलं, गाझाचं नाव घेतलं, आणि त्यावरून मोठं वादळ उठलं. नंतर त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. मत देणाऱ्यांना हे सगळं माहीत होतं. ते सगळ्या सदस्यांपुढे गेले आणि सगळ्यांनी तोलून मत दिलं. आपल्याकडे पद वाटायचं म्हणजे वेगळी खोली बांधायची. बायकांना आघाडी, आपल्याला अल्पसंख्याक विभाग. मोठ्या खोलीतलं टेबल तसंच राहतं.

आपल्या राज्यात ‘कार्याध्यक्ष’ नावाचं पद आहे, ते या सगळ्याच्या जवळचं. १० जून २०२३ रोजी शरद पवारांनी राष्ट्रवादीचे दोन कार्याध्यक्ष जाहीर केले, सुप्रिया सुळे आणि प्रफुल्ल पटेल. २ जुलैला पक्ष फुटला आणि पटेल पलीकडे उभे होते. बावीस दिवस! काँग्रेसमध्ये २०२१ साली नाना पटोले प्रदेशाध्यक्ष झाले तेव्हा सोबत सहा कार्याध्यक्ष नेमले गेले, त्यांत नसीम खान होते. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीने ४८ जागांवर एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही. त्याच नसीम खान यांना पक्षाध्यक्षांना पत्र लिहून प्रचारातून बाजूला व्हावं लागलं. कार्याध्यक्षाला आपल्याच पक्षाला पत्र लिहावं लागतं, तर मग मी चौदावा कोण?

अब्बांचं यावर वेगळं मत आहे. ते म्हणतात, “नसण्यापेक्षा चौदावा बरा.” मी त्यांना हसत नाही. त्यांच्या तरुणपणी त्या लेटरहेडवर रेशनकार्ड व्हायचं, पोलीस ठाण्यात बसायला खुर्ची मिळायची. नाव नोंदवलेलं असणं हेच तेव्हा मोठं होतं. पण खुर्ची मिळणं वेगळं आणि मत असणं वेगळं, आणि तुमच्यापैकी निम्म्या मुलामुलींना येत्या काही वर्षांत असं पत्र येणार आहे.

माझ्या मावसभावाला गेल्याच महिन्यात आलं. तोच पक्ष, तोच विभाग, पंधरावा उपाध्यक्ष. मी त्याला ‘घेऊ नकोस’ म्हटलं नाही. एवढंच म्हटलं की, तिकिटं ठरतात त्या बैठकीत तुला बसता येईल का, आणि तुला काढायचं झालं तर कोण काढू शकेल, हे लेखी माग. पोरगं प्रामाणिक, त्याने खरंच मेसेज करून विचारलं.

दहा मिनिटांत उत्तर आलं, “आधी फोटो पाठव, बॅनर छापायला टाकायचाय.”