पुस्तकांच्या पायऱ्या



मी शिक्षणशास्त्राचा जाणकार नव्हे. १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि माझी शाळा सुटली. पुढचे वाचन मी युनियनच्या कचेरीत पत्रके वाचूनच शिकलो.

आमच्या एका सभासदाने रजेचा अर्ज समजून राजीनाम्यावर सही केली. गृहस्थ चौथी पास. अक्षरे लावता येत, पण अर्थ लागेपर्यंत साहेब थांबला नाही. नोकरी गेली. त्या दिवसापासून मी लहान मुलांच्या वाचनाकडे पाहू लागलो.

संध्याकाळी कचेरीत सभासदांची मुले येतात. दुसरीतील एक मुलगी धडा वाची. एकेक अक्षर जोडीत वाक्याच्या शेवटाला पोचे, तोवर आरंभ विसरलेला असे. बुद्धी कमी नव्हती, चढ फार उभा होता. तिला पानावर एकच ओळ असलेले, तेच शब्द पुन्हा पुन्हा येणारे चित्रांचे पुस्तक दिले. तिने ते स्वतः वाचले आणि मग धाकट्या भावाला वाचून दाखवले!

अशी पायरीपायरीची पुस्तके आज मिळतात. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर चार पायऱ्या आहेत. पहिलीत अडीचशेहून कमी शब्द, दुसरीत सहाशेपर्यंत, तिसरीत दीड हजारापर्यंत, चौथीत त्याहून अधिक. मात्र शब्द मोजून भागत नाही. ‘मगर’ शब्दाला काना-मात्रा नाही, पण मुलाने मगर पाहिलेली नसते. ‘भाकरी’ला काना आहे, वेलांटी आहे, पण ती रोज ताटात असते. ओळखीचा शब्द डोळ्यांना लवकर सापडतो.

एक धोका सांगतो. कुशल, अर्धकुशल, अकुशल हे शिक्के आम्ही कामगारांनी भोगले आहेत. पायरी पुस्तकाची असते, मुलाची नव्हे. ‘तू पहिल्या पायरीचा’ असे कोणत्याही मुलाला म्हणू नका. स्वतः वाचायला सोपे पुस्तक द्या आणि मोठी गोष्ट मांडीवर घेऊन वाचून दाखवा. दोन्ही हवे.

प्रत्येक युनियनच्या कचेरीत वर्गणीतून अशा पुस्तकांची एक पेटी ठेवावी, एवढीच माझी मागणी आहे. सही करण्यापूर्वी कागद वाचणारा कामगार हवा असेल, तर त्याची तयारी पहिलीच्या वर्गापासूनच केली पाहिजे.