आपले वजन आणि रोजचे चालणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



स्थूल बाईने स्थूलपणावर बोलायला उभे राहावे, हे धाडसच आहे. मी रोज सकाळी चालते आणि तरीही माझ्यात तुम्हांला फारसा फरक दिसत नाही, हे मी जाणून आहे. आज मला बोलायचे आहे ते त्याविषयीच.

रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आली, तेव्हा दवाखान्यात मला "वजन कमी करा" एवढेच सांगण्यात आले. कसे आणि किती, ते कोणी सांगितले नाही. तीन महिने रोज अर्धा तास चालले. काटा जेमतेम एक किलो उतरला. रागाने चालणे सोडून दिले. आधी हिशेब मांडला असता तर रागावले नसते. सत्तर किलोची बाई अर्धा तास झपझप चालली तर सव्वाशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात, आणि किलोभर चरबीत असतात सुमारे 7,700! घरी येऊन एक बटाटेवडा खाल्ला की सगळे मुसळ केरात. वजन उतरवायचे तर ताटाकडेच आधी पाहावे लागते.

मग चालायचे कशाला? चालताना मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. हा गुण एक-दोन दिवस टिकतो. म्हणून सलग दोन दिवसांहून अधिक खाडा नको. पोटातली, आतड्यांभोवतीची घातक चरबीही घटते, काटा हलला नाही तरी. चेन्नईच्या डॉक्टरांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना चालणे व बेताचा आहार सांगितला होता. त्यांची वजने फारशी उतरली नाहीत, तरी मधुमेह जडण्याचे प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटले. हे वाचले आणि मी पुन्हा चपला घातल्या. आता काट्याऐवजी शिंप्याची टेप वापरते. आपल्याकडील बायकांची कंबर 80 सेंटिमीटरच्या आत असावी असे सांगतात. माझी अजून नाही. पण ब्लाउज सैल झाले आहेत.

आमच्या घरी आता तिघी चालतो. मुलगी चोवीस वर्षांची. तिला पीसीओएस आहे, पाळी अनियमित. या व्याधीत नियमित व्यायामाने पाळी सुधारायला मदत होते. तिला मात्र आरशाची घाई! माझ्या वयात, पाळी जाता जाता, चरबी पोटावर साठू लागते. तिला आवर घालायला चालणे उपयोगी.

सासूबाईंना तयार करणे कठीण गेले. "सूनबाई, स्वयंपाकघरातून देवघरात जाते तेवढे पुरे," म्हणायच्या. गुडघे दुखतात म्हणून चालायचे नाही, आणि चालायचे नाही म्हणून गुडघे अधिकच आखडायचे. शरीराचे वजन एक किलो उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. त्यांना मी अमेरिकेतला 2002 चा अभ्यास वाचून दाखवला. त्यात आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम व मोजका आहार ठेवणाऱ्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. साठीपुढच्यांत तर 71 टक्क्यांनी. "म्हणजे आम्ही म्हाताऱ्याच हुशार!" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी काठी घेऊन दारात उभ्या. आरंभी सपाट रस्त्यावर दहाच मिनिटे चालल्या. शिवाय हात न टेकता खुर्चीतून उठण्याचा सराव चालू आहे. मांड्यांना बळ आले की पडण्याची धास्ती कमी.

गती किती असावी? बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. रमतगमत भाजी आणणे यात मोडत नाही, क्षमा करा. छातीत दुखले, भोवळ आली, तर तिथेच थांबून डॉक्टरांना गाठावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी चालणे वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

आम्ही तिघी सकाळी सहाला मंडळाच्या फाटकाशी असतो. सासूबाईंचा वेग बेताचा आहे, तेव्हा नव्याने येणारीला धाप लागायची भीती नाही.